वाचनालयाच्या बाईंना संगणक कुणी शिकवाल का? (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

कपाटाची_किल्ली | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे सात-आठ वर्षं नुसती वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदाच बसले.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. 'ब' वर्ग, पुस्तकं २१,००० च्या आसपास. माणसं तीन: ग्रंथपाल, मी आणि शिपाईमामा. ग्रंथपालसाहेब गेल्या महिन्यात निवृत्त झाले, जागा भरलेली नाही, म्हणजे सध्या माणसं दोन. मला लागून २६ वर्षं झाली. दाखल नोंदवहीचे सात खंड माझ्या अक्षरात आहेत. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणाकडे अडकलंय, कुणी परत करताना पानं दुमडतं, सगळं डोक्यात आहे.

परवा कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं, "सगळं ऑनलाइन करायचं." एका देणगीदारांनी दोन संगणक दिलेत. एकाचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, धूळ बसेल म्हणून. मला येतं काय, तर व्हॉट्सॲप आणि यूट्यूब. एमएस-सीआयटी २००८ साली केलं, सर्टिफिकेट फाइलला लावलं आणि संगणकाचा संबंध तिथेच संपला.

सुरुवात कुठून करू? एक्सेल, गूगल शीट, की ते ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर, कोहा का काय म्हणतात ते? २१,००० पुस्तकं एकटी कधी टाइप करणार? शिवाय आधीच्या एका मुलाने २०११ मध्ये ६,००० पुस्तकांची यादी टाइप केलेली सीडीवर सापडली, पण उघडली की चिनी आणि फारसीचं लग्न लागल्यासारखं दिसतं.

आणि लाज वाटते म्हणून शेवटी लिहितेय. कीबोर्डवर ळ कुठे असतो? फोनवर येतो मला. हा धागा फोनवरूनच लिहितेय.

रानमांजर | सोमवार, रात्री ९.५१

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर.

गोदाकाठची | सोमवार, रात्री १०.०५

स्वागत किल्लीताई! लाजता कशाला. इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांचा) कीबोर्ड लावा. एनच्या बटणावर ल, शिफ्ट दाबून तेच दाबलं की ळ. जेवर र, शिफ्ट-जे म्हणजे ऱ, तो 'दुसऱ्या'तला. पहिले दहा दिवस बोटं शिव्या घालतात, मग आपोआप जातात. मी पन्नाशीत शिकले. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवायची सवय लावून घेऊ नका. वेग येत नाही आणि 'न'चा 'ण' होतो तो वेगळाच.

खवचट | सोमवार, रात्री १०.२०

ळ निघेल हो. त्या वाचनालयातून वाचक कुठे निघाला ते आधी बघा. लोक फोनवर वाचतात आता. (हलके घ्या.)

कपाटाची_किल्ली | मंगळवार, सकाळी ७.१५

गोदाकाठची, शिफ्ट-एन! ळळळळळळ. हे बघा, वाचनालयाच्या संगणकावरून लिहितेय. शिपाईमामांना बोलावून दाखवलं.

खवचटभाऊ, दिवाळी अंकांच्या योजनेत यंदा १४० सभासद होते. फोनवर वाचणारेच अंक परत द्यायला उशीर करतात, एवढा अनुभव आहे.

बिनचष्म्याचा | मंगळवार, सकाळी ९.३०

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं स्पष्ट मत, एक्सेलच्या नादी लागू नका, थेट कोहा बसवा. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, जगभरातली ग्रंथालयं वापरतात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये बनवायला घेतलं, २००० च्या जानेवारीत चालू झालं. कोहा हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण घेणाऱ्यानेही पुढे काहीतरी द्यायचं अशी भेट. आपला आहेर म्हणा ना. क्लाउडवर एक छोटा सर्व्हर घेतला की दोन दिवसांत उभं राहतं. वाचकांना घरबसल्या पुस्तक आहे का ते दिसेल, बारकोड लावले की देवघेव मिनिटात.

कपाटाची_किल्ली | मंगळवार, दुपारी १.१०

आहेर आवडला. पण आहेर घेतला की वहीत लिहून ठेवावं लागतं, परत करायचा असतो ना. तो सर्व्हर दर वर्षी पैसे मागणार, ते कोण देणार? बंद पडला तर कुणाला फोन लावू? आमच्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं कुणी यावर दोन बैठका झाल्या आहेत.

लातूरकर_ग्रंथपाल | मंगळवार, दुपारी ३.४५

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, २२ वर्षं. बिनचष्म्याचा म्हणतात ते चुकीचं नाही, पण क्रम चुकलाय. कोहात काय भरणार ते आधी नीट पाहिजे.

आमची गोष्ट सांगतो. एका विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं, नाव सांगत नाही. चार वर्षं बरं चाललं. मग संगणक बदलला तर तो म्हणतो नवीन परवाना घ्या. नाही म्हटलं तर आमचीच माहिती बाहेर काढता येईना, सगळं त्याच्या पोटात. ९,००० नोंदी दुसऱ्यांदा टाइप केल्या. तेव्हापासून एकच नियम: जे भरतो ते साध्या तक्त्यात, आपल्या हातात, कधीही उचलून दुसरीकडे नेता येईल असं. तक्ता नीट असेल तर पुढे कोहात घाला नाहीतर सरकारच्या एनआयसीच्या ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरमध्ये.

म्हणून किल्लीताई, गूगल शीट घ्या. एक ओळ म्हणजे एक प्रत. दाखल क्रमांक, दाखल दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, किंमत, वर्गांक (विषयाचा आकडा), कपाट, शेरा. आणि हे कागदावर लिहून पडद्याला चिकटवा: टाइप करण्याआधी सगळे रकाने 'प्लेन टेक्स्ट' करा. नाहीतर ००४५२ मधली शून्यं तो गिळतो. दिनांक तर त्याहून वाईट. शीट अमेरिकन पद्धतीवर असेल तर ५ ऑगस्टचा ८ मे होतो आणि २५ ऑगस्ट तसाच राहतो, म्हणजे चूक कळतसुद्धा नाही. एक्सेलमध्ये आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख-क्रमांकाचे, १३ आकडे ९.७८ई+१२ असे दिसतात, त्यातच यादी सेव्ह केली की सगळ्यांचा आकडा एकच, पुस्तकं सगळी भावंडं. आणि सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) काढताना 'यूटीएफ-८' लिहिलेलाच पर्याय निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

आता २१,००० चं. कपाट एकपासून सुरू करू नका, कपाट तीनपाशी धीर सुटतो. जे पुस्तक परत येईल ते नोंदवा. देवघेवीच्या टेबलावर आलेलं पुस्तक कपाटात जाण्याआधी शीटमध्ये गेलं पाहिजे. वर्षभरात तुमची फिरती पुस्तकं सगळी आत आली असतील. जी आली नाहीत ती कुणी मागतच नाही. त्यांचं निर्लेखनाचं, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचं, बघता येईल.

गोदाकाठची | मंगळवार, दुपारी ४.०२

परत येईल ते नोंदवा. काय सोपं आणि काय हुशार! वाचनखूण साठवली.

रानमांजर | मंगळवार, रात्री ८.३०

रुमाल उचलतोय, लातूरकरांनी माझं सगळं लिहून टाकलं. माझ्याकडे उरलंय ते सीडीचं. ती यादी जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरवलेली पद्धत) आधीच्या. त्यात अक्षराच्या जागी भलतंच चिन्ह साठवलेलं असतं, फॉन्ट असला तरच मराठी दिसतं. कन्व्हर्टर मिळतात. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, सीडीवरची फाइल पाठवा, मी रूपांतर करून देतो. फक्त तपासावं लागेल. पहिली वेलांटी आणि रफार हमखास शेजारच्या घरात जाऊन बसतात.

नखरेल | मंगळवार, रात्री ९.१५

बाहेरून तयार नोंदी खेचता येतात ना? मी ऐकलंय कोहात झेड-३९.५० म्हणून काहीतरी असतं, अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून नोंद उचलून आणतं.

लातूरकर_ग्रंथपाल | मंगळवार, रात्री ९.४०

आणतं. पण मराठी पुस्तकाची नोंद तिथून येते ती रोमन लिपीत, डोक्यावर रेघा आणि पायाखाली टिंबं घेऊन. ती बघून आमच्या वाचकाला स्वतःचं पुस्तक ओळखू येत नाही. आणि तालुक्यातल्या निम्म्या पुस्तकांवर आयएसबीएनच नाही. वर्गांक मात्र उचलावा. ड्युई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६, पुढे १ लावलं की कविता, २ नाटक, ३ कादंबरी-कथा.

कपाटाची_किल्ली | बुधवार, दुपारी १२.३०

आज आम्ही बंद असतो, तरी येऊन बसले. ३८ पुस्तकं नोंदवली. आणि अडकले.

लेखकाच्या रकान्यात काय लिहू? आमच्या वहीत कविता 'कुसुमाग्रज' आणि नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' म्हणून आहेत. मी लिहिलं तेव्हा बरोबरच वाटलं होतं, पुस्तकावर जे छापलंय ते. आता शीटमध्ये शोधलं की अर्धीच येतात. शिवाय कुठे 'शिरवाडकर, वि. वा.', कुठे 'वि.वा.शिरवाडकर' टिंबाला चिकटून, एका ठिकाणी पूर्ण नाव. सगळं माझंच अक्षर. २६ वर्षांत मी एकच माणूस चार तऱ्हांनी लिहिलाय.

कार्डांच्या पेटीत मी 'हेही पाहा' असं कार्ड घालायची. इथे ते कुठे घालू?

बिनचष्म्याचा | बुधवार, दुपारी १.०५

ताई, तुम्ही जो प्रश्न विचारलात त्यासाठी मोठ्या कंपन्यांत वेगळी माणसं नेमतात. कोहात त्याला अधिकृत नामनोंद असते, एका नावाला बाकीची नावं जोडलेली. शीटमध्ये दुसरं पान उघडा, 'लेखक' नावाचं. एका रकान्यात ठरवलेलं नाव, पुढच्यात बाकीची. आणि मुख्य पानावर लेखकाच्या रकान्याला त्या पानावरून ड्रॉपडाउन लावा. मग हाताने लिहायचंच नाही, निवडायचं.

(एक्सेलच्या नादी लागू नका हे मी मागे घेतो.)

भाषाप्रभू_नाही | बुधवार, दुपारी २.२०

त्यात आणखी एक मेख. 'ॲ' दोन प्रकारे उमटतो. एक अखंड अक्षर, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं अ काढून त्यावर चंद्र. दिसतात सारखे, संगणकाला वेगळे. निम्मी 'ॲड.' एकीकडे, निम्मी दुसरीकडे.

आणि अकारविल्हे लावलीत तर बघा, क्ष आणि ज्ञ बहुधा शेवटी नसतात. क्ष म्हणजे संगणकाच्या लेखी क, हलन्त आणि ष, म्हणून तो कौच्या मागे आणि खच्या पुढे. ळ ह-च्या नंतर नाही, ल आणि व-च्या मध्ये.

खवचट | बुधवार, दुपारी २.४१

म्हणजे बालवाडीत बाईंनी 'क्ष ज्ञ' शेवटी म्हणायला लावलं ते वाया गेलं? फी परत मिळेल का?

गोदाकाठची | बुधवार, दुपारी ३.००

मला नाही पटत. क्ष शेवटीच हवा. वाचक येऊन कपाटाच्या टोकाला शोधणार.

भाषाप्रभू_नाही | बुधवार, दुपारी ३.१०

क्ष हे जोडाक्षर आहे. बऱ्याच कोशांतही ते क-मध्ये सापडतं. बाराखडीचा तक्ता आणि कोशाचा क्रम एक नव्हे.

गोदाकाठची | बुधवार, दुपारी ३.१२

कोश वाचायला येत नाही कुणी वाचनालयात.

भाषाप्रभू_नाही | बुधवार, दुपारी ३.३०

प्रतिसाद काढून टाकला आहे.

आडनाव_विसरलो | बुधवार, रात्री १०.३०

विषयांतर करतो. आमच्या गावच्या वाचनालयाने व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. थकबाकीदारांची यादी पुस्तकांच्या नावासकट टाकतात. पुस्तकं दोन दिवसांत परत येतात. किल्लीताई, करून बघा.

कपाटाची_किल्ली | गुरुवार, सकाळी ८.००

नाही करणार. थकबाकी मागायला मी घरी फोन करते. पण कोण काय वाचतंय ते ग्रुपवर नाही टाकायचं. बाईमाणूस घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते, म्हातारा माणूस मधुमेहाचं नेतो, बारावीतलं पोरगं कविता नेतं आणि घरी गाईडच सांगतं. मी २६ वर्षं पुस्तक पाकिटात उलटं घालून देते ते काय उगीच?

लातूरकर_ग्रंथपाल | गुरुवार, सकाळी ८.४५

यावर काही बोलायचं नाही, नमस्कार करायचा. फक्त एवढंच, शीट 'लिंक असेल त्या प्रत्येकाला दिसेल' अशी उघडी ठेवू नका. वाचकांचं पान वेगळ्या फाइलमध्ये, पुस्तकांचं वेगळ्या. पुस्तकांचं खुशाल जगाला दाखवा.

चार्लटची_सून | गुरुवार, सकाळी ११.१०

मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहते (आयडीतलं स्पेलिंग सासूबाईंचं). इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची गोष्ट लिहिल्यावाचून राहवेना. २००६ मध्ये हेलेन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी २३ गोष्टींची यादी केली. ब्लॉग काढा, फोटो चढवा, असल्या छोट्या छोट्या गोष्टी. वर्ग नाही, परीक्षा नाही, आपल्या वेळेत करायचं आणि काय झालं ते आपल्या ब्लॉगवर लिहायचं. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर. पुढे कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी ती यादी उचलली. यादीतली निम्मी साधनं आता मेली, पण मजा म्हणजे तिथल्या बायकांनीही सुरुवातीला हेच लिहिलं असणार: ते बटण कुठे आहे?

आपण मराठी यादी करू या का? पहिली गोष्ट ठरलेली आहे. शिफ्ट-एन.

खवचट | गुरुवार, सकाळी ११.२५

बक्षीस काय? एमपीथ्री प्लेअर माझ्याकडे पडून आहे, खरंच.

कपाटाची_किल्ली | शनिवार, संध्याकाळी ६.५०

मंडळी, घोटाळा झाला. हात थरथरतायत.

आज २१० नोंदी झाल्या म्हणून हौसेने लेखकांची नावं अकारविल्हे लावली. रकाना निवडला, सॉर्ट दाबलं. नावं लागली सुंदर. पण शीर्षकं जिथल्या तिथे राहिली! आता ज्ञानेश्वरीच्या पुढे स्वयंपाकाच्या लेखिकेचं नाव आहे. त्यानंतर मी आणखी १५ पुस्तकं भरली, मग लक्षात आलं. मागे जायचं बटण दाबत बसले, पण मधे संगणक बंद करून चालू केला होता, ते आता काही करत नाही. पाच दिवसांचं काम. वहीत असं कधी झालं नसतं.

रानमांजर | शनिवार, संध्याकाळी ६.५८

काहीही दाबू नका. काही गेलेलं नाही. फाइल मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे. किंवा कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-एच. उजवीकडे वेळा दिसतील. सॉर्टच्या आधीची वेळ निवडा, तक्ता बरोबर आहे का पाहा. त्या १५ नोंदी आधी वेगळ्या पानावर... नको, कागदावर उतरवून घ्या. मग रिस्टोअर.

कपाटाची_किल्ली | शनिवार, संध्याकाळी ७.३१

आलं!! सगळं परत आलं. ४ वाजून १२ मिनिटांचं. पंधराही भरून झाली.

मामांनी चहा आणलाय. वही असं करू शकत नाही, हेही लिहून ठेवते.

लातूरकर_ग्रंथपाल | शनिवार, रात्री ८.१०

आमच्यात एकही असा नाही ज्याच्या हातून हे झालं नाही. पुढच्या वेळी 'सॉर्ट शीट' वापरा, ओळी एकत्र हलतात. 'सॉर्ट रेंज'मध्ये जेवढं निवडलं तेवढंच हलतं. आणि दाखल नोंदवही लिहिणं थांबवू नका. तपासणीला येतील ते वहीच मागतील.

बिनचष्म्याचा | रविवार, सकाळी १०.००

एक विचारायचं राहिलं. ही शीट कुणाच्या खात्यावर आहे?

कपाटाची_किल्ली | रविवार, सकाळी १०.२०

वाचनालयाच्या. अध्यक्षांच्या नातवाने काढून दिलं. ओटीपी त्याच्या फोनवर जातो, तो हैदराबादला असतो. फार गुणी मुलगा, उचलतो लगेच.

बिनचष्म्याचा | रविवार, सकाळी १०.२२

ताई. आजच. आत्ता. तो उचलतोय तोवर खात्याला वाचनालयाचा नंबर जोडून घ्या.

रानमांजर | रविवार, सकाळी १०.२५

+१. २१,००० पुस्तकांची किल्ली हैदराबादला, आणि आयडी मात्र 'कपाटाची_किल्ली'.

कपाटाची_किल्ली | साधारण दोन महिन्यांनी, मंगळवार, रात्री ९.०५

धागा वर काढतेय. विचारलं होतं 'सुरुवात कुठून', तर हिशोब द्यायला हवा.

परत येणारी नोंदवून १,९१२ झाली. रानमांजरांनी सीडीतली ६,००० माणसात आणून दिली. तपासताना कळलं, त्यातली पाचशेवर तर आम्ही मधल्या काळात निर्लेखित केलेली. 'लेखक' पानावर ३४० नावं. खात्याचा नंबर वाचनालयाचा. क्ष आता क-मध्येच राहू दे, कपाटावर मात्र मी शेवटीच ठेवलाय (गोदाकाठची, खूश?). कोहा पुढच्या वर्षी, कार्यकारिणीने तरतूद केली तर.

एक रकाना मी स्वतः वाढवलाय. झालं असं, एक आजोबा आले. "ते हिरव्या कव्हरचं द्या, विहिरीवरचं भूत असलेलं." मी उठून दिलं. तेवढ्यात नवीन आलेली मुलगी, मदतीला घेतलीय दुपारची, ती शीटमध्ये 'भूत' शोधत होती. सापडेना. शीर्षकात भूत नाही, विहीरही नाही. मी निवृत्त झाले की ते आजोबा काय करणार? म्हणून आता शेवटचा रकाना: 'लोक काय म्हणून मागतात'. रोज पाच-सहा भरते. "डॉक्टरीणबाईचं", "ते बंदी आलेलं", "टीव्हीवर लागायचं ते". काही चुकीचंही आहे, लोक दुसऱ्याच लेखकाचं नाव सांगतात, तेही तसंच लिहिते.

हे असं करणं शास्त्राला धरून आहे का?

लातूरकर_ग्रंथपाल | मंगळवार, रात्री ९.३०

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लिहिली, त्यातलं चौथं: वाचकाचा वेळ वाचवा. बसतंय त्यात. उद्या माझ्या शीटमध्ये तुमचा रकाना लावतो.

बिनचष्म्याचा | मंगळवार, रात्री ९.४४

कोहातही जागा आहे. ग्रंथालयाच्या नोंदी लिहायची मार्क म्हणून पद्धत आहे, तिच्यात ६५३ नावाचा रकाना, त्यात आपल्याला हवे ते शब्द घालता येतात, ठरलेल्या यादीतलेच हवेत असं नाही. हे वाया जाणार नाही. तरतूद झाली की मला सांगा, शनिवारी येऊन बसवून देतो. आहेर.

खवचट | मंगळवार, रात्री १०.०१

विहिरीवरच्या भुताचं वाचायचंय. माझी बहीण तुमच्याच तालुक्यात दिलीय. सभासद व्हायला काय लागतं?

कपाटाची_किल्ली | मंगळवार, रात्री १०.०६

अनामत २०० रुपये, महिना ३०. ओळखपत्राची झेरॉक्स आणि एक फोटो. बुधवारी बंद. आणि ते पुस्तक आजोबांकडेच आहे अजून, तुमच्या आधी तिघांनी नाव लावलंय.